खलाशाचा सदरा

जुन्या रशियन छायाचित्रांत एक मुलगा हमखास भेटतो. पांढरा खलाशी पोशाख, पाठीवर रुळणारी चौकोनी कॉलर, रिबिनीची टोपी. हा झार दुसरा निकोलस याचा मुलगा अलेक्सेई, जन्म 1904 चा. असा पोशाख तेव्हा युरोपभर सुखवस्तू घरांतली मुलं घालत. खेळा, बागडा असं सांगणारा! पण अलेक्सेईला हिमोफिलिया. साधं पडणंही जिवावर बेतायचं. त्याला जपायला खरे खलाशी नेमलेले होते. हौसेचा खलाशी खऱ्या खलाशाच्या कडेवर दिसतो, तेव्हा हसू येत नाही.

खेड्यातली मुलं गळ्याच्या एका बाजूला गुंड्या असलेला सैल सदरा घालत, कमरेला पट्टा बांधत. पायांत झाडाच्या सालीची विणलेली पादत्राणं, थंडीत दाट लोकरीचे बूट. शहरी शाळकऱ्याच्या पट्ट्यावर शाळेची आद्याक्षरं. (कपड्यांवरून माणसाची पत जोखायची माझी बँकेतली खोड अजून गेलेली नाही, तिथं ते काम फारच सोपं झालं असतं.)

1915 मध्ये अलेक्सेई वडिलांबरोबर मोगिल्योफच्या लष्करी मुख्यालयात राहायला गेला, तो साध्या शिपायाच्या गणवेशात. मग क्रांती झाली. 1918 च्या जानेवारीत, तोबोल्स्कच्या कैदेत, पहाऱ्यावरच्या सैनिकांनी खांद्यावरच्या पट्ट्या उतरवायचा ठराव केला. तेरा वर्षांच्या अलेक्सेईनं आपल्या पट्ट्या लोकरी टोपड्याखाली झाकून ठेवल्या. त्याच जुलैत येकातेरिनबुर्गला सगळ्या कुटुंबाला गोळ्या घातल्या गेल्या. त्याचा चौदावा वाढदिवस महिन्याच्या आत होता.