पियानोवर पक्षी कसा बसतो?

पक्ष्याचं गाणं पियानोवर वाजवायचंय, कसं वाजवशील? असं आपल्या ईएनटीसीच्या कुणालाही विचारा. उत्तर येईल, "रेकॉर्ड कर आणि प्ले कर. पियानो कशाला मध्ये?" मुद्दा बरोबर आहे. पण ऑलिव्हिए मेसियाँ (१९०८–१९९२) या फ्रेंच संगीतकाराने नेमका उलटा रस्ता धरला. वही-पेन्सिल घेऊन तो फ्रान्सचे डोंगर, तळी, समुद्रकडे फिरला आणि १९५६ ते १९५८ या काळात फक्त पियानोसाठी तेरा रचना लिहिल्या. नाव 'कातालोग द्वाझो', म्हणजे पक्ष्यांची सूची. १९५९ साली पॅरिसमध्ये इव्होन लोरिओ या पियानिस्टने ही सगळी सूची पहिल्यांदा वाजवली. सलग ऐकायची तर अडीच तासांहून जास्त वेळ लागतो!

टेपरेकॉर्डर तेव्हा होता. १९५२ मध्ये मेसियाँने स्वतः टेपवर एक रचना करूनही पाहिली होती. म्हणजे टेक्नॉलॉजी नव्हती म्हणून पेन्सिल, असं नाही. मग त्याने नक्की केलं काय?

पहिली अडचण रेंजची. पियानोच्या ८८ पट्ट्या साधारण २७.५ हर्ट्झपासून ४१८६ हर्ट्झपर्यंत जातात. छोटे पक्षी कितीतरी वेळा याच्याही वर गातात. उपाय आपल्या ओळखीचा आहे, स्केलिंग! एक सप्तक खाली म्हणजे फ्रिक्वेन्सी निम्मी. ६००० हर्ट्झची शीळ दोन सप्तकं खाली आणली की १५०० हर्ट्झ होते आणि पियानोच्या हातात येते.

दुसरी अडचण वेगाची. पक्षी एका सेकंदात जितके सूर फेकतो तितके माणसाची बोटं वाजवू शकत नाहीत. म्हणून त्याने लय कमी केली.

तिसरी अडचण मला सगळ्यात आवडते. पियानोवर शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये सुमारे ६ टक्क्यांचा फरक असतो, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीच नाही. पक्षी मात्र सर्रास त्या मधल्या फटीत गातो. आपण काय केलं असतं? राउंड ऑफ! पण तसं केलं तर दोन वेगळे सूर एकाच पट्टीवर येऊन बसतात आणि गाण्याचा आकारच जातो. मेसियाँने सगळीच अंतरं ताणून मोठी केली. जे अंतर छोटं होतं ते छोटंच राहिलं, मोठं ते मोठं. आकडे बदलले, पण प्रमाण टिकलं.

राहिला आवाजाचा पोत. घोगरा, खरखरीत, काचेसारखा असे पक्ष्यांचे शंभर आवाज, आणि पियानोचा एकच. म्हणून कित्येक ठिकाणी त्याने पक्ष्याच्या एकेका सुराला एक अख्खी कॉर्ड दिली. अनेक सूर मिळून एक नवा आवाज तयार करायचा. थर्ड सेमला फूरिए शिकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण नुसता पक्षी त्याला पुरेसा नव्हता. पहिलीच रचना घ्या. ती आल्प्समधल्या पिवळ्या चोचीच्या डोंगरकावळ्यावर आहे (हा पक्षी आपल्या हिमालयातही असतो). जागा आहे ला मेझ हे जवळजवळ ४००० मीटर उंचीचं शिखर आणि त्याच्या हिमनद्या. सुरुवातीला पक्षी नाहीच! जड, कडक, मोठ्ठ्या कॉर्ड्स एकावर एक आदळत राहतात. चाल नाही, ठेका नाही, नुसता खडक. मग त्या पोकळीत डोंगरकावळ्याची एकटी हाक येते. गरुड येतो तो आवाज न करता, आणि त्याचं ते उडणंही पियानोवर आहे. दुसऱ्या एका रचनेत तळ्याकाठच्या बोरूच्या बेटातले मध्यरात्रीपासून दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंतचे २७ तास सुमारे अर्ध्या तासात येतात. म्हणजे ५४ पट काँप्रेशन!

आपल्यासाठी एक खास गोष्ट. समान ठोक्यांची लय मेसियाँला नको असायची. त्याला मदत मिळाली ती थेट आपल्याकडून. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शारंगदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यातल्या १२० देशी तालांची यादी मेसियाँला एका फ्रेंच कोशात सापडली आणि ते ताल त्याने आयुष्यभर आपल्या संगीतात वापरले. देवगिरी म्हणजे आपण ट्रिपला जातो तो दौलताबादचा किल्ला. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे स्टाफ नोटेशन वाचता येतं, पण शारंगदेव हे नाव मला एका फ्रेंच माणसामुळे कळलं!

तर मग रेकॉर्डिंग का नाही? माझं उत्तर असं. माइक समोर येईल ते सगळं घेतो, निवड करत नाही. मॉडेल बनवणाऱ्याला मात्र ठरवावं लागतं, काय सोडायचं आणि काय काही झालं तरी सोडायचं नाही. मेसियाँने खरी फ्रिक्वेन्सी सोडली, खरा वेग सोडला. अंतरांचं प्रमाण, खडकाचं वजन आणि हाकेभोवतीची शांतता मात्र सोडली नाही. १९५८ नंतर आल्प्समधल्या हिमनद्या खूप आटल्या आहेत. ला मेझच्या त्या बर्फाचा त्याने एकही फोटो काढला नसता तरी त्यापुढे उभं राहिल्यावर माणसाला काय वाटत होतं हे त्या कॉर्ड्समध्ये शिल्लक आहे.

आपण प्रोजेक्टमध्ये सर्रास लिहितो, "फलाणं नेग्लिजिबल धरू." लिहिण्याआधी एकदा ही पहिली रचना ऐका. दहाएक मिनिटांचा प्रश्न आहे. गोड वाटणार नाही, आधीच सांगते. पण खडक कुठे संपला आणि पक्षी कुठे सुरू झाला, हे न सांगता कळेल.