निकट छायाचित्रणाचे भिंग
निकट छायाचित्रणाचे भिंग : कीटक, फुले, नाणी इ. लहान वस्तूंची मूळ आकाराइतकी किंवा त्याच्या निम्मी प्रतिमा देणारे भिंग. यालाच मॅक्रो लेन्स म्हणतात. ३५ मिमी. कॅमेऱ्यासाठी किलफिट यांचे मॅक्रो-किलार हे भिंग १९५५ मध्ये आले. अशी भिंगे महाग असतात. नेहमीच्या ५० मिमी. केंद्रांतराच्या भिंगामागे ५० मिमी. लांबीची पोकळ नळी बसविली, तरी १ : १ प्रतिमा मिळते, परंतु प्रकाश सु. एक चतुर्थांश उरतो व वस्तू भिंगापासून सु. १० सेंमी.वर ठेवावी लागते. नाण्याला याची अडचण नाही, फुलपाखरू मात्र उडून जाते. कीटकांसाठी म्हणून १०० मिमी.चे जुने, हाताने केंद्रित करावयाचे मॅक्रो भिंग घेणे श्रेयस्कर. विकत घेण्यापूर्वी ते उजेडासमोर धरून आत बुरशी नसल्याची खात्री करावी.