शिकारी स्पॅनिएल

शिकारी स्पॅनिएल : झुडपांत दडलेला पक्षी किंवा ससा वासावरून हुडकणाऱ्या, त्याला उठविणाऱ्या व छरा लागून पडल्यावर आणून देणाऱ्या कुत्र्यांचा गट. नावाचा संबंध स्पेन देशाशी जोडतात. तथापि आजच्या बहुतेक जाती ब्रिटनमध्ये घडल्या. शिकारीत इंग्लिश स्प्रिंगर व कॉकर या दोन जाती सर्वाधिक वापरात आहेत. स्प्रिंगरची खांद्यापाशी उंची सु. ५० सेंमी., तर कॉकरची सु. ४० सेंमी. असते. दोहोंतही प्रदर्शनासाठी व कामासाठी पैदास केलेले वंश इतके दुरावले आहेत, की ते एकाच जातीचे आहेत हे नवख्याला पटणे कठीण. कामाचा कुत्रा अंगाने हलका, तुलनेने आखूड कानांचा व कमी केसाळ असतो.

बंदूक प्रचारात येण्यापूर्वी स्पॅनिएल पक्ष्यांना जाळ्याकडे हाकीत किंवा पाळीव ससाण्यासाठी उठवीत. इंग्रज वैद्य जॉन कीझ यांच्या १५७० च्या लॅटिन ग्रंथात जमिनीवरील व पाण्यातील स्पॅनिएल वेगळे सांगितले आहेत. पुढे एकाच वेतातील मोठी पिले स्प्रिंगर व लहान पिले कॉकर म्हणून ओळखली जात. केनेल क्लबने स्प्रिंगरला स्वतंत्र जात म्हणून १९०२ मध्ये मान्यता दिली. स्पॅनिएलांची पहिली क्षेत्रीय चाचणी डर्बीशरमधील सटन स्कार्सडेल येथे १८९९ मध्ये झाली.

पायी शिकारीत कुत्रा मालकापुढे डावीउजवीकडे नागमोडी फिरत जातो. छऱ्यांच्या बंदुकीचा परिणामकारक पल्ला सु. ३५–४० मी. असल्याने कुत्र्याला साधारण २०–२५ मी.च्या आतच राहावे लागते. त्यापलीकडे उठलेला पक्षी हातचा गेलाच. वारा समोरून असल्यास आडव्या येरझारा पुरतात. तो पाठीमागून असल्यास कुत्रा थोडा पुढे जाऊन मालकाकडे शोधीत येतो, कारण गंध वाऱ्याबरोबर वाहतो. वाऱ्याचे हे गणित चांगला कुत्रा बव्हंशी स्वतःच शिकतो.

खरी कसोटी पक्षी उठताच लागते. पंख फडफडले, की कुत्र्याने जागच्या जागी बसले पाहिजे. पाठलाग करणारा कुत्रा पुढचे पक्षी पल्ल्याबाहेर उठवितो. खालून पळणाऱ्या सशामागे धावल्यास स्वतःच छऱ्यांच्या वाटेत येतो. शिवाय पक्षी कोठे पडला हे त्याला नेमके टिपता येत नाही. शोधाची अनावर ओढ हा ज्या प्राण्याचा वंशपरंपरागत गुण, त्याच्याकडून ऐन उत्तेजनेच्या क्षणी निश्चल राहण्याची अपेक्षा केली जाते. म्हणून शिक्षणाचा पाया ‘हप’ ही बसण्याची आज्ञा व शिट्टीची एक लांब फुंकर हा असतो. वेगाने फिरणारे कुत्रे पुष्कळ मिळतात, बसणारे थोडे. क्षेत्रीय चाचणीत पाठलाग करणारा कुत्रा बाद होतो.

आज्ञेनंतर तो पडलेला पक्षी आणतो. पकड इतकी मऊ हवी, की मांसाला इजा होऊ नये. पंख मोडून जमिनीवर पळत सुटणारा पक्षी माणसाला सहसा सापडत नाही. कुत्र्याविना तो झुडपात रेंगाळत मरतो. शिकारीविषयी मत काहीही असले, तरी कुत्र्याचे हे काम निर्विवाद मोलाचे आहे.

इंग्लंडमध्ये फेझंट पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी असतो. मोठ्या इस्टेटींवर हाका घालून शिकार होते. बंदूकधारी ठरलेल्या जागी उभे राहतात. हाकारे व त्यांचे स्पॅनिएल राई किंवा मुद्दाम लावलेला मका तुडवीत पक्षी त्यांच्याकडे रेटतात. राईच्या टोकाशी पक्षी दाटतात व तेथे एक बेबंद कुत्रा सर्व थवा एकदम उडवून हाका फुकट घालवू शकतो. पडलेले पक्षी गोळा करणारे आपले कुत्रे घेऊन बंदूकधाऱ्यांच्या बरेच मागे थांबतात. दिवसात असे अनेक हाके होतात व मधला वेळ ओले कुत्रे वाहनात काढतात. शिकारीसाठी दरवर्षी कोट्यवधी फेझंट पाळून सोडण्याच्या प्रथेवर ब्रिटनमध्येच टीका होते.

हे काम शरीराला महाग पडते. काटेरी तारेने कातडी फाटते, कानांत गवताची कुसळे शिरतात, काट्यांनी डोळे दुखावतात. सकाळी भरपेट खाऊ घालीत नाहीत. मात्र दीर्घ श्रमाने रक्तातील साखर उतरून कुत्रा लटपटू शकतो, म्हणून मधूनमधून थोडे खाणे देतात. स्प्रिंगरमध्ये फॉस्फोफ्रुक्टोकायनेज या एंझाइमाची आनुवंशिक न्यूनता आढळते. अशा कुत्र्यात जोराच्या धापेनंतर तांबड्या कोशिका फुटून लघवी गडद होते. जनुकीय तपासणीने हा दोष आधी कळतो.

झुडपांवर सतत आपटून शेपटीचे टोक रक्ताळते व लवकर भरत नाही, म्हणून पिलांची शेपटी छाटण्याची प्रथा पडली. इंग्लंडमध्ये २००७ पासून तीस बंदी आहे. कामासाठीच्या ठराविक कुत्र्यांना सूट असून पिलू पाच दिवसांचे होण्याच्या आत पशुवैद्यानेच ती छाटावी लागते. स्कॉटलंडने त्याच वर्षी संपूर्ण बंदी घातली. २०१७ मध्ये मात्र कामाच्या स्पॅनिएलांची शेपटी एक तृतीयांशापर्यंत छाटण्यास संमती दिली. पिलाची वेदना व प्रौढ कुत्र्याची इजा यांत कोणती अधिक, हा वाद मिटलेला नाही.

हुडकण्याची हीच ओढ स्फोटके व अमली पदार्थ शोधण्यास उपयोगी पडते. इराकमध्ये दडविलेली शस्त्रे शोधणाऱ्या बस्टर या ब्रिटिश सेनेतील स्प्रिंगरला २००३ मध्ये डिकिन पदक मिळाले. भारतात वन्य प्राण्यांच्या शिकारीस कायद्याने मनाई असल्याने कॉकर मुख्यतः घरातच पाळला जातो.