क्लब गेले, अराता मोबाइलवर राहिला

स्टीलच्या आमच्या जालन्यात खेळाची गोष्ट निघाली की क्रिकेटचीच निघते. 2011 मध्ये कूचबिहार करंडकात नाबाद 451 धावा करणारा विजय झोल इथलाच, त्यामुळे ते साहजिकही आहे. तरी एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये रात्रपाळीला, बिलेट तापेपर्यंतच्या चहाला एका जपानी फुटबॉलपटूचं नाव माझ्या कानावर पडत आलंय. बंगालकडची पोरं मोबाइलच्या तडा गेलेल्या काचेवर त्याचे जुने गोल लावतात आणि हेल्मेटं एकमेकांवर आपटेपर्यंत वाकून बघतात.

तो इझुमी अराता. जन्म जपानातल्या शिमोनोसेकीचा, 1982 चा. आई जपानी, वडील गुजराती. त्याचं भारतीय नाव नीलकंठ. 2006 मध्ये तो कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबकडे आला, म्हणून बंगाली पोरांना तो आपला वाटतो. पण त्याची उमेदीची वर्षं महाराष्ट्रात गेली: आधी मुंबईचा महिंद्रा युनायटेड, मग पुणे एफसी. 2012-13 च्या आय-लीगमध्ये पुणे एफसी दुसरा आला, तेव्हा तो त्या संघात होता. तोवर त्याने जपानी पासपोर्ट सोडून भारतीय नागरिकत्व घेतलं होतं. 6 फेब्रुवारी 2013 ला कोचीत पॅलेस्टाईनविरुद्ध तो भारताकडून उतरला. आपण 2-4 हरलो. देशासाठी त्याचे सामने दहाच्या आतच राहिले. जन्माचं नागरिकत्व सोडून आलेल्या माणसाच्या पदरात एवढंच पडलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढे इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) तो कोलकाता, पुणे सिटी आणि केरळकडून खेळला. निवृत्तीनंतर नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या अकादमीत मुलांना शिकवू लागला.

आता त्याचे महाराष्ट्रातले क्लब बघा. महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. पुणे एफसीने गाशा गुंडाळला. पुणे सिटी 2019 मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. ज्या जर्सीचा अभिमान सांगावा, ती घालणारा संघच नाही. त्याची आठवण जपणार कोण? 2016 नंतर डेटा स्वस्त झाला आणि कोणीतरी स्टँडमधून टिपलेल्या धूसर चित्रफिती जालन्यापर्यंत पोचल्या. त्याची ऑनलाइन लोकप्रियता माझ्या मते इथून आली: क्लबांनी मोडलेला संसार चाहत्यांनी फोनमध्ये सांभाळला.

2025 च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून फुटबॉलपटू रायन विल्यम्स भारतीय झाला आणि त्याच्या बातम्यांत अराताचं नाव आलं, कारण ती वाट आधी त्यानेच चालून दाखवली होती. मिलमधल्या नव्या पोरांनीही मग त्याला शोधलं. हाती लागलं ते बहुतेक आयएसएलचं. बालेवाडी स्टेडियमवरचे ते पुणे एफसीचे सामने ज्यांच्या जुन्या कॅमेऱ्यात, हार्डडिस्कमध्ये पडून असतील, त्यांनी ते आता ऑनलाइन टाकावेत, आणि सुरुवात 2012-13 पासून करावी.