अटक आणि चित्रण

अटक करितांना दूरचित्रवाणीच्या मंडळीस बरोबर नेण्याचा पोलिसांस अधिकार आहे काय? अमेरिकेंत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याचा निर्णय आमच्या विद्यार्थ्यांनीं समजून घ्यावा, असें आम्हांस वाटतें.

मेरीलंड राज्यांत १९९२ च्या एप्रिलांत भल्या पहाटे अंमलदार एका दांपत्याच्या घरांत त्यांच्या मुलाचें वॉरंट घेऊन शिरले. सोबत वृत्तपत्राचा बातमीदार व छायाचित्रकार होते. मुलगा तेथें नव्हता. छायाचित्रें मात्र रात्रीच्या वेषांतील आईबापांच्या घरांत घेतलीं गेलीं. १९९३ सालीं माँटाना राज्यांत एका मळ्याच्या झडतीस दूरचित्रवाणीची मंडळी नेली होती. दोन्ही निकाल २४ मे १९९९ रोजीं लागले. वॉरंटानें दार उघडतें तें वॉरंटाच्या कामापुरतेंच. त्या कामास साह्य न करणाऱ्या बातमीदारांस घरांत नेणें हा राज्यघटनेच्या चवथ्या दुरुस्तीचा भंग होय, असें न्यायालयानें ठरविलें. तथापि तोंवर नियम स्पष्ट नव्हता, म्हणून अंमलदारांवर नुकसानभरपाईचा बोजा पडला नाहीं.

हा निर्णय घरापुरता आहे. सार्वजनिक रस्त्यास तो लागू नाहीं. परंतु न्यूयॉर्क येथें १९९५ सालीं एका आरोपीस केवळ कॅमेऱ्यासाठीं ठाण्याबाहेर काढून, गाडींतून फिरवून परत आणिलें. तेंही २००० सालीं अपील न्यायालयानें घटनाबाह्य ठरविलें.

आरोप म्हणजे अपराध नव्हे. न्यायाधीश आरोपीस निर्दोष सोडूं शकतो. पण लाखों लोकांनीं पाहिलेलें चित्र त्यास परत घेतां येत नाहीं. म्हणून शेजाऱ्याची अब्रू राखणें हें पाहणाराचेंही कर्तव्य आहे.