बीम आधी जमिनीवर शिकायचा असतो

‘आपल्याकडे बीमच नाही, मग मुली शिकणार कशावर?’ बारामती-इंदापूरकडे मुलींच्या जिम्नॅस्टिक्सचा विषय निघाला की ही अडचण पुढे येते आणि बोलणं तिथेच थांबतं. याच समजुतीमुळे सर्वांत जास्त नुकसान होतं.

स्पर्धेचा बॅलन्स बीम 5 मीटर लांब, 10 सेंटिमीटर रुंद आणि 125 सेंटिमीटर उंच असतो. यातली उंची अगदी शेवटी लागते. नावाजलेल्या केंद्रांतही नवी कसरत आधी जमिनीवरच्या रेषेवर बसवतात. मग जमिनीलगतचा बीम येतो, पुढे गाद्या लावलेला बुटका बीम आणि सगळ्यांत शेवटी पूर्ण उंची. चालणं, वळणं, उड्या यांसाठी मैदानावर फक्कीने आखलेला पट्टा पुरतो. कार्टव्हीलसाठी मात्र गादीवर चिकटपट्टी लावावी, कारण फक्की हातांना आणि डोळ्यांना चांगली नाही. हात एकामागे एक त्याच रेषेवर टेकले पाहिजेत आणि पायही तिथेच उतरले पाहिजेत. शिक्षकांनी रेषेच्या टोकाशी उभं राहून पाहावं. मुलगी रेषेवरून किती सरकली, हे बाजूने नीट कळत नाही.

‘खाली पायाकडे बघत चाल’ हा सल्ला प्रेमाने दिला जातो, पण तो चुकीचा आहे. मान खाली गेली की खांदे पुढे झुकतात आणि त्यांच्यामागे तोलही जातो. नजर बीमच्या टोकावर हवी. कार्टव्हीलमध्ये हात टेकताना ती हातांकडे जाते, तेवढाच अपवाद.

शेताच्या बांधावरून धावणाऱ्या पोरीला बीम आपोआप जमेल, असंही काहींना वाटतं. तिची भीती कमी असेल, हे खरं. पण ताठ गुडघा, ताणलेली बोटं, सरळ कंबर हे सगळं तिलाही नव्याने शिकावं लागतं. आणि सराव म्हणून नीरा डाव्या कालव्याच्या काठावर कुणीही कसरती करू नयेत.

‘तोल उपजतच असावा लागतो, पडली म्हणजे तिच्यात तो नाही’ हा समज तर मुलींना खेळातूनच बाहेर काढतो. सिमोन बाइल्सने 2021 मध्ये टोकियोत बीमवर कांस्य मिळवलं आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याच बीमच्या अंतिम फेरीत ती पडली. नियमाने पडण्याचा 1 गुण जातो आणि पुन्हा चढायला 10 सेकंद मिळतात. नुसतं डगमगलं तर 0.1 ते 0.5 एवढाच गुण कमी होतो. म्हणून डगमगताच खाली उडी मारायची नाही, गुडघे किंचित वाकवून बीमवरच सावरायचं. हेही शिकवावं लागतं आणि त्याची सुरुवात रेषेवरच होते.

आपल्या दीपा कर्माकरची ओळख व्हॉल्टमुळे झाली, पण 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ती बीमवर पाचवी आली होती.

शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना विनंती आहे: बीम येईल तेव्हा येईल, रेषा याच आठवड्यात आखा. मात्र गाद्या आणि जाणकार प्रशिक्षक नसताना एकाही मुलीला उंचीवर चढवू नका.