हळदीकुंकवाच्या दिवसांत लक्ष्मीबाई टिळकांचे स्मरण

संक्रांतीची सुगडे पुजून झाली की रथसप्तमीपर्यंत महाराष्ट्रात घरोघरी हळदीकुंकवाची वर्दळ सुरू होते. दारात रांगोळी, तबकात तिळगूळ, कोयरीत हळदीकुंकू आणि ओचा सावरीत वाण लुटणाऱ्या माताभगिनी. या सोहळ्यात पुरुषांचे काम उंबऱ्याबाहेर चपला नीट लावण्यापुरतेच! तथापि आमच्या केम गावाचा या सोहळ्याशी जवळचा संबंध आहे. करमाळे तालुक्यातील हे गाव श्रीउत्तरेश्वराचे, तसेच ते कुंकवाचे. येथे तयार झालेले कुंकू तीर्थक्षेत्रांच्या बाजारपेठांत जाते आणि तेथून असंख्य देव्हाऱ्यांत व कपाळी विराजते. तेव्हा कुंकवाविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार केमकरांना आहे, असे वाचक भगिनी मान्य करतील.

आज स्मरण करावयाचे आहे ते मात्र एका ख्रिस्ती स्त्रीचे. सणाच्या पानावर हे स्मरण कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. तो रास्त आहे. त्याचे उत्तर त्या स्त्रीच्या चरित्रातच आहे; कारण आपल्या घरातले सोवळे, आपले सणवार, आपली माया आणि आपला कठोरपणा ही सारी तिने आतून अनुभवली होती, आणि पुढे ती शब्दबद्ध करताना कोणाविषयी विष ओकले नव्हते. ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई टिळक त्या ह्याच.

लक्ष्मीबाईंचा जन्म इ. स. १८६८ मधला, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाजारातून येणारी बहुतेक जिन्नस पाण्यातून निघाल्याखेरीज घरात येत नसे. त्या सोवळ्यापायी घरातल्या बायकांचे आणि मुलांचे जे हाल झाले, ते लक्ष्मीबाईंनी उतारवयात लिहून ठेवले. वाचताना हसू आवरत नाही, आणि हसता हसता डोळे कधी ओलावतात तेही कळत नाही. वडिलांची ती चित्रे काढताना त्यांच्या लेखणीने कोठेही दात-ओठ खाल्लेले नाहीत. लेकीने बापाकडे जसे पाहावे, तसेच त्यांनी पाहिले आहे.

१८८० मध्ये, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक कवी, विद्वान, मनस्वी आणि पैशाच्या बाबतीत पूर्ण उदासीन. ‘केवढे हे क्रौर्य’ ही त्यांची कविता महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी शाळेत पाठ केली आहे. पत्नीला अक्षरओळख करून दिली तीही त्यांनीच. संसार फिरतीचा आणि ओढाताणीचा होता, पण तो उभयतांचा होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, आणि त्या संसाराचे एका दिवसात दोन तुकडे झाले.

त्या वेळी लक्ष्मीबाईंचे वय अवघे सव्वीस वर्षांचे, पदरी लहानगा मुलगा. वाचकहो, त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या स्त्रीची ही अवस्था कल्पनेत आणून पाहा. पती हयात आहे, म्हणून ती विधवा नव्हे. पती धर्मातून गेला, म्हणून सौभाग्याचा मानही तिला पूर्वीसारखा नाही. लोकांच्या नजरेत दया, कुतूहल आणि संशय ही तिन्ही एकत्र. यातला एकही निर्णय तिने घेतलेला नव्हता. भोग मात्र सगळे तिच्या वाट्याला आले. सुमारे पाच वर्षे हा वियोग चालला. त्यातील काही काळ त्यांनी आमच्याच सोलापूर जिल्ह्यातील पंढरपुरात, आप्तांच्या आश्रयाने काढला. या दुःखातच त्यांच्या मुखातून कविता बाहेर पडू लागली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईला कवित्व कोणी शिकविले असेल, तर ते जात्यावरच्या ओवीने आणि मनातल्या व्यथेने.

पुढे त्या पतीकडे अहमदनगरास गेल्या. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पतीकडे जाणे आणि पतीचा धर्म घेणे या त्यांनी एकच गोष्ट मानली नाही. ख्रिस्ती वस्तीत राहूनही त्यांनी आपले पाणी आणि स्वयंपाक निराळा ठेवला. टिळकांनीही बळजोरी केली नाही. हा निराळेपणा हळूहळू गळून पडला, तो कोणाच्या उपदेशाने नव्हे, तर स्वतःच्या विचाराने. जाती देवाने निर्माण केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. त्या माणसाने केलेल्या आहेत, असे उत्तर अंतःकरणाने दिले, आणि तेव्हापासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी त्यांना वर्ज्य राहिले नाही. दीक्षा त्यानंतरची, इ. स. १९०० मधली, वयाच्या बत्तिशीच्या सुमाराची. म्हणजे त्यांचे खरे परिवर्तन प्रार्थनामंदिराच्या आधी स्वयंपाकघरात झाले.

धर्मांतर योग्य की अयोग्य, हा वाद येथे मांडावयाचा नाही. प्रस्तुत लेखक उत्तरेश्वराच्या छायेत वाढलेला हरिदास आहे. स्वधर्मावरील त्याची निष्ठा अढळ आहे, आणि पत्नीला दुःखाच्या डोहात लोटून घेतलेल्या निर्णयाचे कौतुक करणे त्याला जमणार नाही. परंतु लक्ष्मीबाईंनी काय टाकले आणि काय राखले, हे पाहिले की मस्तक नम्र होते. त्यांनी स्पर्शाचे भय टाकले. मराठी मात्र टाकली नाही. ओवी टाकली नाही. अतिथीला विन्मुख न पाठविण्याचा आपला कुलधर्म टाकला नाही. टिळकांच्या घरी अनाथ मुले, अडलेले विद्यार्थी आणि आगंतुक पाहुणे यांचा राबता असे. पैसा टिकत नसे आणि पंगत थांबत नसे. ती कशी निभावली हे त्या गृहिणीलाच ठाऊक. बालकवी ठोंबरे याच घरी अहमदनगरास मुलासारखे राहिले. ते हिंदू होते आणि हिंदूच राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर केलेली माया ‘स्मृतिचित्रे’त वाचावी. १९१८ साली बालकवी रेल्वेच्या अपघातात गेले, तेव्हा त्या घराने आपलेच माणूस गमावले.

आम्हा कीर्तनकारांना आणखी एका कारणाने हे घर जवळचे वाटते. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन आणले. तुकोबारायांच्या पुलावरून आपण ख्रिस्तचरणी पोचलो, असे ते म्हणत. ही परंपराही त्यांच्यापासूनची नव्हे. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मोपदेशकाने गोमंतकात येऊन येशूचे चरित्र मराठी ओवीत गायिले, ते ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. तीन शतकांनंतर टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले. १९१९ मध्ये त्यांचे देहावसान झाले आणि ग्रंथ अपुरा राहिला. तो लक्ष्मीबाईंनी ६४ अध्याय रचून तडीस नेला. पतीने अर्ध्यावर ठेवलेले काम पत्नीने पूर्ण करणे, याला आपल्याकडे सहधर्मचारिणी हा शब्द आहे.

यासाठी केमच्या घराघरांना परिचित असा एक दृष्टांत देतो. कुंकू मुळात हळदच. जुन्या पद्धतीत हळकुंडांना लिंबाचा रस आणि टाकणखार यांचा संस्कार झाला की पिवळी हळद तांबडी होते. रंग पाहून कोणी म्हणेल की ही वस्तूच निराळी. जाणता मात्र सांगेल की शेतातून आलेले कंद तेच आहेत. लक्ष्मीबाईंची श्रद्धा निराळ्या रंगाची झाली. ज्या मातीतून त्या आल्या, ती माती तीच होती.

आता आपल्या घराकडे वळू. योगशास्त्रात शौचाचे दोन प्रकार सांगितले आहेत. माती आणि पाणी यांनी साधते ते बाह्य, आणि चित्तातले मळ धुतल्याने साधते ते आभ्यंतर. बाह्य शौच निरर्थक नव्हे. देवघरात स्नान करून जावे, नैवेद्याचे पात्र स्वच्छ असावे, यात वाद नाही. पण पहिले दुसऱ्यासाठी आहे. भांडे घासून लख्ख केले आणि त्यात दूध ओतलेच नाही, तर ती स्वच्छता काय कामाची? पतंजलींनी चित्त प्रसन्न राखण्यासाठी मैत्री आणि करुणा यांच्याबरोबर मुदिता सांगितली आहे. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या ठिकाणचे पुण्य पाहून आनंदणे. ते पुण्य आपल्याच धर्मातल्या माणसाचे असावे, अशी अट तेथे नाही.

आम्ही कीर्तनात नाथांचे आख्यान लावतो. वाळवंटात तापलेल्या वाळूवर रडणारे अंत्यजाचे पोर नाथांनी उचलून कडेवर घेतले, हे ऐकताना श्रोतृवृंदातल्या माउल्या पदराने डोळे टिपतात. ते अश्रू खरे असतात. पण दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाची आमंत्रणे करताना गल्लीतले एक घर वगळले जाते. तेथे राहणारी बहुधा एखादी परिचारिका वा शिक्षिका असते, ख्रिस्ती असते. तिने आपल्या घरातले आजारपण काढलेले असते, आपल्या मुलांना अक्षरे गिरवायला शिकविलेली असतात. तिला वगळण्यात वैर नसते. ‘त्यांच्यात नसते’ एवढे एक वाक्य पुरते. आणि जे सोवळे तिला उंबऱ्याबाहेर ठेवते, तेच आपल्याच घरातल्या विधवा काकूला त्या दुपारी माजघरात बसवते. बाहेरचीला वगळणारी आणि घरचीला लपविणारी रीत एकच आहे, ही गोष्ट नीट पाहिली पाहिजे.

लक्ष्मीबाई स्वतः टिळकांच्या मागे सतरा वर्षे जगल्या. त्या वैधव्यातच, मुलाच्या आग्रहावरून, त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९३४ ते १९३६ या काळात ती चार भागांत प्रसिद्ध झाली, आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांनी इहलोकाचा निरोप घेतला. मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत या ग्रंथाची गणना होते. अशी स्त्री आपल्या वाड्यात राहत असती, तर संक्रांतीच्या दुपारी तिला आपण कोठे बसविले असते?

यंदा एवढे करून पाहावे. आमंत्रण करायला निघताना गल्लीतले एकही दार वगळू नये. ख्रिस्ती भगिनींपैकी कोणी कुंकू लावतात, कोणी लावत नाहीत. म्हणून आधी मृदू शब्दांत विचारावे. नको म्हणाल्यास बोट मागे घ्यावे आणि मन मात्र मागे घेऊ नये. फूल द्यावे, वाण द्यावे, तिळगूळ द्यावा. त्यांच्या नाताळास त्यांनी बोलाविले तर आनंदाने जावे. घरातल्या काकूला, आत्याला, आजीला बाहेर पुढच्या पाटावर बसवावे आणि पहिला तिळगूळ तिच्या हातावर ठेवावा. यात कोणतेही व्रत मोडत नाही, कोणताही देव कोपत नाही. आपल्याच देवघरातल्या जगदंबेला आपण साऱ्या जगाची आई म्हणतो. आईच्या दारात आलेल्या लेकींची जात पाहणे तिला रुचेल, असे मला वाटत नाही.

सर्व वाचकांना संक्रांतीचा तिळगूळ. वाणी गोड ठेवावी, आणि दारही उघडे ठेवावे.